औषधपेटी आणि आमचे हे

आमच्या ह्यांचा कुणावर विश्वास नाही. घड्याळावरसुद्धा नाही. हातातलं एक, खोलीतलं एक आणि तबेल्याच्या भिंतीवरचं एक, अशी तीन घड्याळं बघून मग हे ठरवतात की दाण्याची वेळ झाली. दाण्याचं पोतं आलं की आधी तळापर्यंत हात घालून मूठभर दाणा वर काढतात, कारण वरवरचा दाणा दुकानदाराने दाखवायला ठेवलेला असतो म्हणे. लग्नाआधी मला भेटायला दोनदा आले होते, दुसऱ्यांदा न सांगता. ‘सांगून आलं की सगळेच चांगले दिसतात,’ असं कारण त्यांनी मला लग्नानंतर सांगितलं. तोवर उशीर झाला होता.

हे मोतद्दार. घोडेस्वारी शिकवायची एक शाळा आहे, चौदा घोड्यांची. तिथे एकतीस वर्षं ह्यांनी घोडे राखले. तबेल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. मी पट्ट्या धुते, वाळवते, गुंडाळते, झुली शिवते, खोगिराखालच्या गाद्यांना ठिगळं लावते. शिकायला येणारी मुलं ह्यांना पेटीकाका म्हणतात, कारण तबेल्यात शिरल्याबरोबर डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर, ऊन लागणार नाही अशा फळीवर पांढऱ्या रंगाची एक पत्र्याची पेटी आहे, आणि तिच्याजवळ कुणी नुसतं रेंगाळलं तरी हे कुठूनतरी उगवतात.

पेटी घोड्यांच्या औषधपाण्याची. तिच्यासारखी नीटनेटकी दुसरी पेटी मी पाहिलेली नाही, हे नवरा म्हणून नाही, खरं म्हणून सांगते. थर्मामीटरला हातभर दोरा बांधलेला आणि दोऱ्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. थर्मामीटर शेपटीखाली लावायचा आणि चिमटा शेपटीच्या केसांना अडकवायचा. मी नवी होते तेव्हा विचारलं होतं, "चिमटा कशाला?"

"आत गेला तर काढायला तू जाशील का?" हे म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

बोथट टोकाची कात्री, जखम धुवायला सलाईनच्या बाटल्या, जखमेला न चिकटणाऱ्या जाळीच्या घड्या, कापसाची जाड गुंडाळी, लवचिक पट्ट्या, रुंद चिकटपट्टी. टॉर्च, पण आतले सेल उलटे घातलेले, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी उतरणार नाहीत. खूर साफ करायचा आकडा. डॉक्टरांसारखं गळ्यात घालायचं ते स्टेथोस्कोप, घोड्याच्या दोन्ही कुशींना लावून पोट ऐकायला. पोट गुरगुरत असलं की हे खूश. गप्प पोटाला घाबरतात. शिवाय तान्ह्या बाळांच्या डायपरचं एक पाकीट. खुराला किंवा पायाला जखम झाली की डायपरसारखं दुसरं काही नाही, रक्त पितं आणि आकारात बसतं. दर वेळी ते आणायला मीच जायची. एकदा औषधवाल्याने हळूच विचारलं, "नातू झाला वाटतं?" म्हटलं, "हो, साडेचारशे किलोचा."

झाकणाच्या आतल्या बाजूला ह्यांच्या ठसठशीत अक्षरात यादी आहे, आणि प्रत्येक घोड्याचा नेहमीचा ताप, नाडी आणि श्वास. प्रत्येकाचा वेगळा, कारण पुस्तकातल्या आकड्यांवर तरी ह्यांनी विश्वास का ठेवावा? डॉक्टरचा नंबर रंगाने रंगवलेला. आणि सगळ्यात वर, लाल रंगात, एक ओळ: दुखण्याचं औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

दुखण्याचं औषध म्हणजे पांढऱ्या मलमासारखं एक औषध, जाड नळीत भरलेलं. मागचा दांडा दाबला की पुढून घोड्याच्या जिभेवर पडतं. दांड्यावर रेघा असतात आणि एक चकती. घोड्याच्या वजनाप्रमाणे चकती फिरवून ठेवायची, म्हणजे तेवढंच बाहेर येतं. "घोडा काय तोंडाने सांगणार आहे?" हे मुलांना शिकवताना म्हणायचे. "तो लोळतो, पाय आपटतो, कुशीकडे वळून वळून बघतो. तेच बंद केलंत, तर डॉक्टर येऊन काय बघणार? शेपूट?"

ही सगळी पेटी कुलपात. चांगलं मुठीएवढं पितळी कुलूप, आणि किल्ली ह्यांच्या गळ्यात, अंघोळीलासुद्धा. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं, "औषधं कुलपात ठेवा हो, पण पट्ट्या उघड्यावर राहू द्या." ह्यांनी मान डोलावली आणि आणखी मोठं कुलूप आणलं.

पूर्वी कुलूप नव्हतं. ते आलं बारा वर्षांपूर्वी, तांबडी गेली तेव्हा. आणि ते आलं माझ्यामुळे. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

तांबडी ह्यांची लाडकी घोडी. जन्मली तेव्हा तिला उभं राहायला ह्यांनीच आधार दिलेला. एका दुपारी तिने दाणा टाकला, कुशीकडे बघायला लागली, पुढचा पाय खरवडायला लागली, आणि मग ठाणातच लोळायला लागली. डॉक्टरचा फोन लागेना. हे स्कूटर काढून त्यांना आणायला गेले. जाताना मला म्हणाले, "पुढ्यातलं वैरण-पाणी काढ. उठली तर चालव. दुसरं काही करू नकोस."

मी दुसरं काही केलं. ती घामाने निथळत होती आणि कण्हत होती. घोडी अशी कण्हते हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्याच्याने बघवेना. मागे एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून ह्यांनी ते नळीतलं औषध एका घोड्याला दिलेलं मी पाहिलं होतं. चकतीचं मला काही कळत नव्हतं, म्हणून भीत भीत जरासं दाबलं. मग आणखी जरासं. दुसऱ्या रेघेपर्यंत. नळीचं तोंड पुसलं, झाकण लावलं आणि नळी होती तिथे ठेवली. अर्ध्या तासात तांबडी उभी राहिली. मला वाटलं, हे आले की सांगेन आणि शाबासकी घेईन.

डॉक्टर आले. पोट ऐकलं, हिरड्या बघितल्या. ह्यांना विचारलं, "काही दिलंय का?"

"छे!" हे म्हणाले. "माझ्या पेटीला माझ्याशिवाय कुणाचा हात लागत नाही."

मी तिथेच बादली घेऊन उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. पण हे डॉक्टरांपुढे छाती काढून उभे होते, घोडीही शांत होती, म्हटलं, कशाला आता ह्यांना तोंडघशी पाडा. डॉक्टर म्हणाले, पोटात वारा धरला असेल, लक्ष ठेवा, आणि दुसऱ्या गावी एक घोडी अडली होती तिकडे गेले. तांबडी पहाटे गेली. आतडं पिळलं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "वाचलीच असती असं नाही म्हणत. पण तिची तळमळ मला दिसली असती तर तेव्हाच मोठ्या दवाखान्यात पाठवली असती."

मग ह्यांनी पेटी तपासली. दांडा दोन रेघा खाली. डॉक्टर ह्यांच्यावर असे ओरडले की सगळ्या ठाणांतले घोडे कान टवकारून उभे राहिले. तेव्हाचे मालक म्हणाले, "ज्याने पेटीला हात लावला असेल तो आजच्या आज चालता होईल." आमच्या दोन खोल्या मालकांच्या. लेकीची शाळेची शेवटची परीक्षा महिन्यावर आलेली. मी मूग गिळून बसले.

त्या दिवशी तबेल्यात तिसरं माणूस एकच होतं. नालबंद.

"नालबंद लोकांकडे असली औषधं असतात," हे मला खोलीत येऊन म्हणाले. "अवखळ घोडा गप्प करायला. त्याचंच काम."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. त्या एका ‘असेल’ने मला बारा वर्षं झोपू दिलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर मीच वळलेला. मालकांनी नालबंदाला काढलं नाही, कारण त्या वेळी आसपास दुसरा नालबंद नव्हता. पण पेटीवर कुलूप आलं, आणि हे त्याच्याशी कामापुरतंसुद्धा बोलेनासे झाले. त्याचा चहा वेगळ्या कपात. तो गेला की हे पेटी उघडून एकेक वस्तू मोजणार. मोजून होईपर्यंत माझं जेवण गार.

हा नालबंद म्हणजे एक अजागळ माणूस. हाताने सोनं, बाकी सगळा गोंधळ. त्याला काही म्हणजे काही बंद करायची सवय नाही. फाटकातून आला की फाटक सताड. नळ सोडला की सोडलेला. खुराला लावायच्या तेलाचा डबा उघडा, हत्यारांची पेटी उघडी, शर्टाची वरची दोन बटणं उघडी. तो आला की मी त्याच्या मागे फिरून एकेक गोष्ट लावत सुटायची. मला उघडं दिसलेलं चालत नाही. आमच्याकडे मिठाच्या बरणीचं झाकण अर्धवट राहिलं तर मी अंथरुणातून उठून लावून येते.

पण त्याच्या मागे फिरायचं खरं कारण वेगळं होतं. त्या दुपारी तांबडीच्या ठाणाचं वरचं दार उघडं होतं, आणि त्याची ऐरण बरोबर समोर मांडलेली होती. त्याने पाहिलं की नाही? बारा वर्षं मला हे कळलं नाही. तो नुसता "वहिनी, एक सांगायचं होतं" म्हणाला की मी आधी हे कुठे आहेत ते बघायची. सांगायचं असायचं ते भलतंच. पाणी संपलंय. मांजर भुशात व्यालंय. हे आणि तो एका जागी दिसले की मी हातातलं टाकून झाडू घेऊन तिथे पोचायची. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

ह्यांच्या नजरेतून हे सुटलं असेल असं वाटतं का तुम्हाला? नालबंद आला की बायको दारात का, हा प्रश्न ह्यांना पडलाच. तोंडाने अवाक्षर काढलं नाही, पण एका महिन्यात नाल मारायचा वार बदलला आणि मी बाजारात जाते तो वार ठरला. मग मी बाजाराचा वार बदलला. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. ह्यांचा संशय त्याच्यावर, माझा संशय त्याच्यावर, ह्यांचा थोडा माझ्यावर. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा, तो बिचारा फाटक उघडं टाकून शीळ घालत घरी जायचा.

गेल्या महिन्यात ह्यांना डोळे तपासायला जावं लागलं. थर्मामीटर नाकाजवळ धरून वाचायला लागले होते. जायला तयार नव्हते. डोळ्यांचा डॉक्टर चष्मा खपवण्यासाठी पाटीवरची अक्षरं मुद्दाम पुसट छापून घेतो, अशी ह्यांची खात्री. लेकीने फोनवर दम दिला तेव्हा गेले. गळ्यातली किल्ली अर्थातच सोबत गेली.

नालबंद ठोंब्याला नाल मारत होता. ठोंब्या नावाप्रमाणेच आहे. पोट सुटलेला, पापभीरू, नवी मुलं आधी त्याच्यावरच बसतात. बाहेर रस्त्यावर कुठल्यातरी गाडीचा फाटकन आवाज झाला. ठोंब्या, जो कधी माशीलासुद्धा हलत नाही, तो एकदम मागे सरला आणि मागचा पाय पाण्याच्या टाकीला लावलेल्या जुन्या पत्र्याच्या कडेवर गेला. खुराच्या वर, घोट्याच्या खाली, चांगला खोल कापला. रक्त नुसतं वाहत नव्हतं, ठोक्याठोक्याला उडत होतं.

मी पेटीकडे धावले आणि कुलूप हातात आलं. ओढून बघितलं. कुलूप ह्यांनीच निवडलेलं, ते काय उघडतंय? ह्यांना फोन लावला, तो बंद. तेव्हा मी भर तबेल्यात ह्यांच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. दोरीवरचा टॉवेल ओढला आणि पळत येऊन जखमेवर दाबून धरला. डोळ्यांदेखत तो लाल झाला.

"काढू नका," नालबंद म्हणाला. "त्यावरच दुसरा."

"माहितीये मला!" मी खेकसले. भिजलेलं उचकटायचं नाही, त्यावर थर चढवायचा, हे तीस वर्षं मी भिंतीआडून ऐकत होते. पण दुसरा टॉवेल नव्हता. माझ्या बोटांमधून गरम रक्त येत होतं आणि ठोंब्याचा पाय थरथरायला लागला होता.

"वहिनी, पेटी?"

"कुलूप आहे."

त्याने पेटीकडे बघितलं. त्या पेटीला हात लावणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"तोडू?" त्याने विचारलं.

"तोडा!"

नाल उपटायची त्याची लांब पक्कड असते. तिने त्याने कोयंडा असा पिरगळला की स्क्रूसकट बाहेर आला. मला वाटलं पट्ट्या घेऊन येईल. तर रिकाम्या हाताने आला.

"मी दाबतो. तुम्ही काढून आणा."

"अहो, आणायचं ना हाताला लागेल ते!"

"मी आत हात घालत नाही, वहिनी."

वाद घालायला वेळ नव्हता. मी उठले. झाकण उघडलं आणि सगळं जागच्या जागी. अंधारातसुद्धा सापडलं असतं. जाळीची घडी, डायपर, कापसाची गुंडाळी, पट्टी, चिकटपट्टी. ज्या माणसाला पाच मिनिटांपूर्वी शिव्या दिल्या, त्याने हे सगळं कुठल्या क्रमाने लागेल त्याच क्रमाने लावून ठेवलं होतं. उचलताना तळाशी एक प्लास्टिकची पिशवी दिसली, दोरा गुंडाळलेली. आत जुनी पांढरी नळी. मी ओळखली. हात क्षणभर तिथेच राहिला. मग पिशवी टाकली आणि धावले.

टॉवेल तसाच ठेवून त्यावर घडी, डायपर, कापूस, आणि वरून खुरापासून गुडघ्याकडे घट्ट पट्टी. तीन डायपर लागले. ठोंब्याचा आळशीपणा त्या दिवशी कामी आला, एकदाही पाय उचलला नाही. झाकणावरचा नंबर वाचून डॉक्टरांना फोन केला. ते आले, टाके घातले, म्हणाले, "नस कापली होती. पट्टी कुणी बांधली? पेटीकाकांनी?" मी म्हटलं, "नाही." नालबंद तेवढ्यात हात धुवायला गेला आणि नळ सोडून आला.

हे परत आले तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यावर काळा चष्मा, चाचपडतच आत शिरले. सवयीने डावा हात कुलपाकडे गेला आणि उखडलेल्या कोयंड्यावर थांबला. मी सांगायला लागले, ठोंब्याला लागलं होतं, रक्त थांबत नव्हतं. ह्यांना ऐकूच जात नव्हतं. नेमक्या मालकीणबाई आल्या. जुन्या मालकांची ही मुलगी, दोन वर्षांपूर्वी कारभार हातात घेतलेला. फोनवर कळल्यामुळे ठोंब्याला बघायला धावत आल्या होत्या.

"घोडा ह्याच्या हातात असताना कापतो," हे नालबंदाकडे बोट करून म्हणाले, "आणि मी नसताना पेटी फुटते. बारा वर्षांपूर्वी तांबडी गेली तेव्हाही मी नव्हतो. आणि हा होता."

मालकीणबाईंना ते काही माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, दांडा, दोन रेघा, डॉक्टरचं ओरडणं. बारा वर्षांत मी ह्यांना एका दमात इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मालकीणबाईंनी नालबंदाकडे बघितलं. "खरंय हे?"

"औषध मी दिलं नव्हतं," तो म्हणाला. बाकी काही नाही.

"असं असताना बाबांनी ठेवलंच कसं?" त्या म्हणाल्या. "आता काही तुमच्यावाचून अडत नाही. एक फोन केला की दुसरा नालबंद येतो. उद्यापासून येऊ नका."

आमचे चौदा घोडे म्हणजे त्याचं निम्मं काम. साठीला टेकलेला माणूस, पाठ वाकलेली. तो खाली बसून हत्यारं गोळा करायला लागला. कानस, हातोडी, पक्कड. आणि मग त्याने एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ‘आताही नाही का, वहिनी?’ एवढंच त्या बघण्यात होतं. मला कळलं. त्याने पाहिलं होतं. पहिल्या दिवसापासून त्याला माहीत होतं.

दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. तरी बोलले.

"कुलूप मी तोडायला लावलं."

"तू मध्ये बोलू नकोस," हे म्हणाले.

"आणि तांबडीला औषध मी दिलं होतं."

ठोंब्या तेवढा पेंढा चावत होता.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही डॉक्टरांना आणायला गेलात, तेव्हा. तिचं कण्हणं ऐकवेना म्हणून दिलं. मग तुम्ही छे म्हणालात आणि मला बोलता आलं नाही. मग कधीच आलं नाही." मी नालबंदाकडे वळले. "भाऊ, तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं."

"मग इतकी वर्षं का नाही बोललात?"

"कुणाला सांगू?" तो म्हणाला. "ह्यांना? ह्यांनी मानलं असतं? म्हणाले असते, स्वतः करून माझ्या बायकोवर ढकलतो. आणि तेव्हा तुमच्या पोरीची परीक्षा होती. मग नंतर नंतर काय, सवय झाली."

हे पेटीपाशी गेले, तळात हात घातला आणि ती दोरा गुंडाळलेली पिशवी काढली. दोरा सोडला, नळी बाहेर काढली. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून अंगठ्याने चाचपून बघितली, दांड्याकडून तोंडाकडे.

"झाकण लावलेलं आहे," हे म्हणाले. "तोंड पुसून, झाकण लावून, परत जागेवर."

मग नालबंदाच्या हत्यारांच्या पेटीकडे वळले. ती होती तशीच, सताड उघडी.

"ह्या माणसाने जन्मात कधी कशाचं झाकण लावलंय?"

हे आम्हाला विचारत नव्हतेच. बारा वर्षं ती नळी ह्यांनी पुरावा म्हणून जपली होती, नालबंद गेला की दर वेळी काढून बघत होते, आणि झाकण दर वेळी तिथेच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं, तर ह्यांना कळसा दिसला नाही की बघायचा नव्हता, हे मला आजही सांगता येत नाही. प्रत्येक पोत्याच्या तळाशी हात घालणारा हा माणूस एका पोत्याच्या वेळी मात्र वरचा दाणा बघून थांबला होता.

मालकीणबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी ऑफिसात या. दोघंही." रात्र कशी काढली विचारू नका. मी मनातल्या मनात भांडी बांधून झाले होते. सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोनवर घेतलं, बराच वेळ बोलल्या आणि मग निकाल दिला. दुखण्याची औषधं आणि इंजेक्शनं ऑफिसच्या कपाटात, कुलपात. पट्ट्यांच्या पेटीला ह्यापुढे कुलूप दिसलं तर ह्यांचीच गच्छंती. नालबंद राहील. आणि मी डॉक्टरांकडून नाडी, ताप, पोट सगळं रीतसर शिकायचं, तोवर आजारी घोड्याजवळ एकटीने थांबायचं नाही. खोल्यांचं नाव त्यांनी काढलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसून रडले.

नालबंदाची माफी हे काही मागणार नव्हते. ते ह्यांना जमत नाही. पण पुढच्या वेळी तो आला तेव्हा घोडा धरायला हे स्वतः उभे राहिले. बारा वर्षं ते काम हे दुसऱ्या कुणालातरी सांगायचे. चार घोडे झाले, दोन तास झाले, हे दोर धरून उभेच. मी दोन चहा नेले, एकसारख्या कपांत. नालबंदाने एक उचलला, ह्यांनी दुसरा. बोलणं काही झालं नाही. जाताना त्याने फाटक उघडं टाकलं आणि ह्यांनी जाऊन ते लावलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत.

माझ्याशी मात्र अबोला. आठ दिवस. जेवण वाढलं की जेवत होते, पट्ट्या दिल्या की घेत होते, एवढंच. घरात घड्याळाची टिकटिक आणि मी. मला वाटलं, आता हे कायम असंच.

नवव्या दिवशी ठोंब्याची पट्टी बदलायची होती. मी पाय धरला होता आणि हे खाली बसून पट्टी सोडवत होते. जखम चांगली भरत होती. हे एकदम म्हणाले, मान वर न करता,

"तांबडी. दिल्यानंतर शांत झाली होती?"

"हो."

"म्हणजे कशी?"

"उठून उभी राहिली," मी म्हटलं. "अंगावर शहारे येत होते ते थांबले. मग माझ्या खांद्यावर तोंड ठेवलं तिने. तुम्ही येईपर्यंत तशीच उभी होती."

ह्यांचे हात थांबले होते. "मला ती लोळतानाच दिसते," हे म्हणाले. "डोळे मिटले की तेवढंच."

मग ह्यांनी नाक ओढलं, नवी जाळीची घडी जखमेवर ठेवली आणि म्हणाले, "थर्मामीटर दे गं. ताप बघून ठेवू."

मी पेटीतून थर्मामीटर काढून दिला आणि सवयीने झाकण लावायला वळले.

"राहू दे," हे म्हणाले.